पाचाचं देणं दोनाच्या घरी

पाच-तीन-दोन खेळायला बसलं की पहिलं काम पत्ते पिसण्याचं नाही, पत्ते कमी करण्याचं. दुर्रीपासून छक्कीपर्यंतची वीस पानं बाजूला पडतात, मग चौकट आणि किलवर यांच्या सत्त्या जातात. इस्पिक नि बदामाची सत्ती तेवढी राहते. उरतात तीस पानं. तिघांना दहा-दहा. इथपर्यंत सगळं समसमान असतं, आणि पहिलं पान टाकायच्या आत खेळ ती समानता मोडतो. एकाने पाच हात करायचे, दुसऱ्याने तीन, तिसऱ्याने दोन.

कर्जत तालुक्यातलं कळंब हे नेरळ स्टेशनवर उतरून शेअर रिक्षाने गाठायचं गाव. इथल्या भातशेतीच्या वर्षात पत्त्यांची जागा ठरलेली आहे. जून-जुलैत आवणीची धांदल. तेव्हा पत्ते कुठल्या फळीवर आहेत याची कुणाला आठवणही नसते. आवणी उरकली, श्रावण लागला, की कॅट खाली येतो, आणि गणपतीच्या जागरणाला तर आरतीच्या ताटाइतकाच तो आवश्यक असतो. चौघं जमले तर मेंढीकोट, लहान मुलं घुसली तर बदाम सत्ती किंवा झब्बू. पण मध्यरात्र उलटून एकेक जण आडवा झाला आणि तिघंच जागे उरले, की खेळ एकच.

स्पर्धेच्या खेळात बाजू असमान असल्या तर काय करायचं, हा प्रश्न आज संगणकावरचे पत्त्यांचे खेळ बनवणाऱ्या कंपन्यांना छळतो. त्यासाठी पगारी माणसं असतात, लाखो डावांची आकडेमोड होते. पडवीतल्या या तिघांच्या खेळाला कोणी कर्ता माहीत नाही, छापील नियमावली नाही. तरी त्याने या प्रश्नाची केलेली सोडवणूक माझ्या मते फार वरच्या दर्जाची आहे. ती सावकाश उलगडून पाहण्यासारखी आहे.

दहा हात आणि तीन माणसं, म्हणजे सरासरीने प्रत्येकाच्या वाट्याला तीन आणि एक तृतीयांश हात. तिघांची ताकद सारखी धरली तर तीनवाला जवळजवळ सरासरीवर बसला आहे. दोनवाल्याला सव्वा हाताहून जास्त सूट आहे. पाचवाल्यावर मात्र पावणेदोन हातांच्या आसपास जादा बोजा. या बोजाच्या बदल्यात त्याला दोन गोष्टी मिळतात. पहिली पाच पानं वाटून झाली की त्यांच्यावरून हुकूम तो बोलतो, आणि पहिली उतारी त्याची. हुकूम बोलण्याचा हक्क मोठा खरा, पण तो अर्ध्या पानांवर बोलायचा असतो. उरलेल्या पाच पानांत हुकमाचं एकही न येणं हा अनुभव प्रत्येकाने घेतलेला आहे. त्या वेळी पाचवाल्याचा चेहरा न पाहताही बाकीच्या दोघांना ते कळतं.

मग ही असमानता फिटते कशी? पहिला उपाय अगदी उघड आहे. खुर्ची फिरते. वाटणारा नेहमी दोनचा, त्याच्या उजव्या हाताचा पाचचा, उरलेला तीनचा. वाटप उजवीकडे सरकतं. त्यामुळे दोनवाला पुढच्या डावाला तीनवाला होतो, तीनवाला पाचवाला, आणि पाचवाला वाटायला बसून दोनवाला. तीन डावांत प्रत्येकाच्या डोक्यावरून पाच, तीन, दोन असे दहा हात जातात. एका डावात अन्याय, तीन डावांत काटेकोर समता.

एवढ्यावर खेळ थांबला असता तर तो चांगला पण साधा खेळ झाला असता. खरी करामत देण्याघेण्याची आहे. पाच, तीन, दोनची बेरीज दहा आणि हातही दहाच, म्हणून एकाला जितके हात जास्त होतील तितकेच दुसऱ्या कुणाला तरी कमी पडणार. कमी पडलेला देणेकरी, जास्त केलेला घेणेकरी. पुढच्या डावात पानं वाटून हुकूम बोलून झाला की घेणेकरी देणेकऱ्याच्या हातातलं एक पान न बघता ओढतो आणि आपल्याकडचं नको असलेलं पान त्याला देतो. जितके हात बाकी, तितक्या वेळा ओढायचं. काही घरी ओढलेल्या रंगाचंच पान परत द्यावं लागतं. तो नियम देणेकऱ्याबद्दलच्या कनवाळूपणाने केलेला असावा, कारण त्यात नुकसान बरंच आवळलं जातं.

आमच्या पडवीतला एक डाव सांगतो. बाहेर पत्र्यावर पाऊस, आत गणपतीपुढची समई, आणि खेळायला आत्या, धाकटा चुलतभाऊ नि मी. आधीच्या डावात पाचच्या जागी असलेल्या चुलतभावाचे चारच झाले, आत्याचे बरोबर तीन, माझे दोनाऐवजी तीन. आता तो वाटायला बसला, आत्या पाचची झाली, मी तीनचा, आणि त्याच्याकडून माझं एक पान येणं. आत्याने बदाम हुकूम बोलला. चुलतभावाने पानांचा पंखा पुढे केला. एक पान मुद्दाम बोटभर वर काढून ठेवलेलं. ही जुनी खोड आहे. वर काढलेलं पान चांगलं की वाईट, हे ठरवण्यात समोरच्याने वेळ घालवावा म्हणून केलेली.

“ओढ की, मुहूर्त बघतोस काय?” आत्या म्हणाली.

मी वर काढलेलं सोडून त्याच्या शेजारचं ओढलं. बदामाचा एक्का. दहात एक अशी शक्यता होती, तीच लागली. बदल्यात मी किलवरची अठ्ठी दिली. चुलतभावाने ती पंख्यात खोचली आणि काही बोलला नाही. त्या डावात आत्याचे पाच झाले, माझे चार, त्याचा एकच.

इथे जाणकार वाचक हरकत घेईल. जो हरला त्याचंच चांगलं पान काढून घ्यायचं, तर तो पुढे आणखी हरणार. सावकार गब्बर होत जाणार आणि कूळ बुडत जाणार. हरकत खरी आहे. जपानमधला दाइफुगो नावाचा पत्त्यांचा खेळ नेमका याच तत्त्वावर चालतो. नावाचा अर्थच गडगंज श्रीमंत. हरलेल्याने पुढच्या डावाला आपली सर्वांत चांगली पानं जिंकलेल्याला द्यायची आणि त्याच्याकडची रद्दी घ्यायची. त्यावर तिथल्या लोकांनी उतारा शोधला तो क्रांतीचा. कुणी एकाच किमतीची चार पानं एकदम टाकली की पानांचा क्रम उलटा होतो आणि लहान ते मोठं ठरतं. गरिबाच्या हातातली रद्दी त्या क्षणी सोनं होते.

पाच-तीन-दोनमध्ये क्रांती नाही. तिथे बचाव दडला आहे तो खुर्च्या फिरण्याच्या क्रमात. नीट बघा. हात कमी पडण्याची भीती सर्वांत जास्त पाचवाल्याला. तो पुढच्या डावाला कुठे जातो? दोनवर. म्हणजे पाचाचं देणं दोनाच्या घरी फेडलं जातं, जिथे फक्त दोन हात करायचे आहेत आणि एखादं पान गेलं तरी निभावतं. उलट हात जास्त होण्याची संधी सर्वांत मोठी दोनवाल्याला. तो पान ओढतो तीनच्या जागेवर बसून. तिथे ओढलेल्या पानाचा फायदा होतो, पण एका डावापुरता. त्याच्या पुढच्या डावाला तो पाचवर चढतो आणि सावकारीची परीक्षा होते. मघाच्या खेळात माझं तेच झालं. पाचच्या जागी आलो, चुलतभावाकडून आणखी एक पान ओढलं, आणि तरी तीनच हात झाले. त्याचे चार, आत्याचे तीन. दोन डावांची सावकारी एका डावात बुडून मी दोघांचा एकेका हाताचा देणेकरी झालो.

क्रम उलटा असता तर? काही घरी वाटप डावीकडे सरकतं आणि पाचवाला मात्र वाटणाऱ्याच्या उजवीकडचाच राहतो. तिथे दोनवाला थेट पाचवर जातो, पाचवाला तीनवर, तीनवाला दोनवर. मग घेणेकऱ्याला ओढलेलं पान सर्वांत अवघड जागी कामी येतं, आणि देणेकऱ्याला तीनवर बसून देणं द्यावं लागतं. दोन्ही खेळ चालतात, पण स्वभाव वेगळा. दुसऱ्या प्रकारात जमवलेलं टिकतं, पहिल्या प्रकारात ते सांडतं. बहुतेकांना हा फरक माहीतही नसतो. आपल्या आजोळी जसं वाटत तसं ते वाटतात.

आणखी एक बारकावा. डाव चालू असताना तीनवाला आणि दोनवाला हे पाचवाल्याविरुद्ध एकत्र येतात, पण ही युती कुणाचा तरी वाटा पूर्ण होईपर्यंतच. दोनवाल्याचे दोन झाले की त्याला तिसरा हात हवा असतो, आणि तो पाचवाल्याकडून हिसकला काय, तीनवाल्याकडून हिसकला काय, ओढायला पान मिळाल्याशी मतलब. मघाशी ज्याच्यासाठी आपण मोठं पान वाचवलं तोच आपला हात कापतो. अवघड वाट्याच्या माणसावर दोघं तुटून पडतात आणि मग आपसांत फुटतात, या फुटण्यानेच पाचवाला बऱ्याचदा वाचतो.

मेंढीकोटात बाजू दोन आणि भिडू ठरलेले, म्हणून तिथली व्यवस्था निराळी. चारही दश्श्या म्हणजे मेंढ्या. तीन मिळवणारी बाजू जिंकते, दोन-दोन झाल्या तर जिचे हात सात किंवा अधिक तिची सरशी, आणि चारही एका बाजूला गेल्या की कोट. इथे हरण्याची शिक्षा आहे ती पत्ते पिसण्याची. वाटणाऱ्याची बाजू हरली की पुन्हा तोच वाटतो, जिंकली तरच वाटप पुढे सरकतं. तेराच्या तेरा हात गेले तर वाटप त्याच्या भिडूकडे. कर्जत लोकलमध्ये मांडीवर वर्तमानपत्र पसरून खेळणाऱ्या चौकडीत नेरळपासून कल्याणपर्यंत एकच माणूस पिसताना दिसला, तर त्याच्या बाजूचा हिशेब विचारायची गरज नसते. वाटण्यात तसा मोठा तोटा नाही. उतारी मात्र समोरच्या बाजूकडे जाते. आणि चारचौघांत आपणच पिसत राहिल्याची नामुष्की कुठल्याही गुणांपेक्षा जड.

तीनशेचारमध्ये, जो कोकणात फार प्रेमाने खेळला जातो, तिसरीच युक्ती आहे. गुलामाला ३० गुण, नव्वीला २०, एक्क्याला ११, दश्शीला १०, राजाला ३, राणीला २. बेरीज ७६, चार रंगांचे मिळून ३०४. हुकूम ठरवण्याचा आणि तो झाकून ठेवण्याचा मोठा हक्क कुणाला द्यायचा, तर जो सर्वांत वरची बोली बोलेल त्याला. जितका हक्क हवा तितकी जबाबदारी अंगावर घ्या, असा हा लिलाव. चीनमध्ये दोउ दिझु नावाचा खेळ घरोघरी चालतो, त्यातही असंच आहे. नावाचा अर्थ जमीनदाराशी झगडा. ५४ पानांतली १७-१७ दोन शेतकऱ्यांना, २० जमीनदाराला, आणि जमीनदार कोण ते बोलीने ठरतं. ज्या रायगड जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, खोतांविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून सहा वर्षं चालला, तिथे हा खेळ आजवर पोचला नाही याचं मला नवल वाटतं.

असमान बाजूंचा विचार आपल्याकडे किती जुना आहे हे पाहायचं तर गंजिफा हातात घ्यावा. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या दरबारातल्या बारा रंगांच्या, १४४ पानांच्या गंजिफ्याचं वर्णन अबुल फझलने ‘ऐने अकबरी’त केलं. पुढे तो सर्वत्र रुळला तो आठ रंगांचा, ९६ पानांचा. आणि त्याला हिंदू रूप मिळालं ते दशावतारी गंजिफ्यात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी बारा, एकूण १२० पानं. सावंतवाडीचे चितारी ती गोल पानं हाताने रंगवत. ही कला विझायला आली असताना १९७०च्या सुमारास तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारखाना थाटून ती पुन्हा उभी केली. आज तिथे गेलं तर दरबार हॉलमध्ये बसून मत्स्याचा राजा रंगवणारे कारागीर पाहायला मिळतात.

आता त्यातली गंमत. निम्म्या रंगांत प्रधानाच्या खाली दश्शी, मग नव्वी, असं उतरत एक्का तळाशी. उरलेल्या निम्म्यांत प्रधानाच्या खाली एक्का, मग दुर्री, आणि दश्शी तळाशी. मोगली गंजिफ्यात यांना बेशबर आणि कमबर, म्हणजे बलवान नि दुर्बळ रंग, अशी नावंही होती. पण बळ खरोखर कमी-जास्त आहे का? कागद-पेन्सिल घेऊन मांडून पाहिलं. सरळ रंगात दश्शी तिसऱ्या क्रमांकावर, उलट्या रंगात बाराव्या, सरासरी साडेसात. एक्का सरळ रंगात बारावा, उलट्यात तिसरा, सरासरी साडेसात. पंजी आठवी आणि सातवी, तिचीही साडेसात. एक्क्यापासून दश्शीपर्यंत कुठलंही पान घ्या, साडेसातच येतं. म्हणजे लहान आकड्यांची पानं हाती आली म्हणून रडायची सोय गंजिफ्यात नाही. बावन्न पानांच्या खेळात दुर्री ही चारही रंगांत दुर्रीच. इथे ती निम्म्या अवतारांमध्ये मानकरी आहे. मूळ हेतू स्मरणशक्ती दमवण्याचा असेल, डाव समतोल करण्याचा असेल, दोन्ही असतील. साधलं मात्र दोन्ही.

उरतो उतारीचा मान. तिघं खेळतात, प्रत्येकाकडे चाळीस पानं, आणि पहिली उतारी ज्याच्याकडे राम आला त्याची. पण हे दिवसा. दिवेलागण झाल्यावर खेळायला बसलं तर मान कृष्णाच्या राजाकडे जातो. मोगली गंजिफ्यातही दिवसाचा रंग वेगळा, रात्रीचा वेगळा. एका रंगाला दिलेला फायदा सूर्यास्ताला काढून दुसऱ्याला द्यायचा, ही कल्पना जगातल्या कुठल्या आधुनिक खेळाला सुचली असेल तर मला ती भेटलेली नाही.

आधुनिक खेळांनी वाट धरली ती दुरुस्तीची. गणिताचे अभ्यासक रिचर्ड गारफिल्ड यांचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ १९९३ मध्ये बाजारात आला. पाच रंग, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, आणि खेळाडूने विकत घेतलेल्या पानांतून आपला कॅट आपणच बांधायचा. काही पानं इतकी जोरकस निघाली की ‘ब्लॅक लोटस’सारखं पान कॅटमध्ये एकच ठेवायचं, असा निर्बंध १९९४ मध्येच घालावा लागला. छापून विकलेलं पान परत घेता येत नाही, त्यामुळे कागदी खेळात बंदीवाचून इलाज नसतो. संगणकावर तो प्रश्नच नाही. रात्रीत पानावरचा आकडा बदलतो आणि सकाळी खेळाडूला कळतं की आपला हुकमी एक्का आता दश्शी झाला. २०१४ साली आलेल्या ‘हार्थस्टोन’ने पहिल्या उतारीचा फायदा फेडायला दुसऱ्या खेळाडूला एक पान जास्त आणि वर एक नाणं द्यायला सुरुवात केली. हे मला पाच-तीन-दोनच्या जातीचं वाटतं. ताकद कापायची नाही, भरपाई द्यायची.

पण एक गाठ पडवीतही सुटलेली नाही. शेवटच्या डावाचं देणं फेडायचं कुठे? त्याच्यापुढे डावच नसतो. शेवटच्या वेळी जो पाचवर असतो त्याला दोनाचं घर कधी मिळत नाही. यावर तीनच्या पटीतच डाव खेळायचे असा तोडगा काहीजण काढतात. त्याने वाटे समान होतात, पण ओढायची पानं राहतातच. आमच्याकडे शेवटचं देणं चहाने फिटतं, आणि किती हात बाकी त्यावर साखर-दूध कुणी आणायचं तेही ठरतं. त्या रात्री पहाटे चारला आत्या देणेकरी निघाली, दोन हातांची. तिने पत्ते गोळा केले, बाजूला पडलेली बावीस पानं त्यात मिसळली, कॅट गणपतीच्या मखरामागे सरकवला आणि स्टोव्हला पंप मारायला चुलतभावाला हाक मारली.

“देणं तुझं आहे ना?” तो अंथरुणातून म्हणाला.

“चहा मी करते. पंप मारणं देण्यात धरलेलं नाही.”